सदतिसाव्या वर्षी दहावी करू, की ते पैसे मुलाच्या क्लासला घालू?

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

"ताई, माझं वय ३७. नाशिकच्या सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत ठेकेदाराकडून पॅकिंगला जाते, ९ वर्षं झाली. माहेर दिंडोरी तालुक्यात. नववी झाली आणि हायस्कूल लांब पडतं म्हणून वडिलांनी शाळा बंद केली, पुढे लग्न. मिस्टर बारावी आहेत, छोटा हत्ती चालवतात. मुलगा सातवीत सेमीला, मुलगी तिसरीत. आमची लाइन लीडर सुट्टीवर असली की प्रॉडक्शनचं रजिस्टर मीच भरायचे. ती सोडून गेली तेव्हा सुपरवायझर म्हणाले, 'मावशी, दहावी असती तर तुम्हालाच केलं असतं', आणि एका नवीन मुलीला केलं. तिला रजिस्टर भरायला मीच शिकवलं. तेव्हापासून दहावीचं डोक्यात आहे. सासूबाई म्हणतात आता शिकून काय दिवे लावणार. दीर बीए आहे आणि पार्सल वाटतो, मग शिकून तरी काय होतं? मिस्टर म्हणतात तेच पैसे मुलाच्या क्लासला घालू. परवा मुलाची वही हातात घेतली तर म्हणाला, 'मम्मी, तुला नाही कळणार.' मी अडाणी राहिले म्हणून मुलंही मागे पडतील का? मैत्रीण म्हणते अंगणवाडीत मदतनीस हो. काय करू?"

ताई, तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यात तुम्ही स्वतःला तीनदा अडाणी म्हटलंय, तर आधी तेवढं खोडू आणि मग बोलू. टार्गेट किती होतं, माल किती निघाला, रिजेक्शन किती, कोण किती वाजता लाइनवरून उठलं, हे सगळं जी बाई लीडरच्या सुट्टीत एकटी भरते आणि वर नवीन पोरीला शिकवते तिला अडाणी कोण म्हणेल? तुमच्याकडे दहावीचा कागद नाही, एवढंच. आता कंपनीच्या गेटवर तो कागदच बघतात हेही खरं आहे, त्यामुळे नुसतं "तुम्ही हुशार आहात हो" असं म्हणून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही. पण तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे प्रश्न एकाच गाठीत बसलेत, पगाराचा, मुलांचा आणि त्या दिवशी सुपरवायझरसमोर जो अपमान झाला त्याचा, आणि तिन्हींवर दहावी हे एकच औषध आहे असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही.

पगाराचं आधी घेऊ. जास्त शिकलेल्याला जास्त पैसे मिळतात ही गोष्ट जगभर पुन्हापुन्हा मोजली गेलीय, आणि सरासरी काढली तर शाळेच्या एकेका वर्षामागे कमाईत साधारण ९ टक्क्यांचा फरक दिसतो असं अर्थशास्त्राचे अभ्यासक सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण ही सरासरी आहे, आणि तिच्यात बहुतेक अशी माणसं आहेत जी लहानपणीच सलग शिकली आणि पुढे तीस-चाळीस वर्षं कमावत राहिली, शिवाय ज्यांच्या घरात आधीपासून शिक्षण होतं, ओळखी होत्या, शहरात घर होतं. तुम्ही ३७ व्या वर्षी दहावी झालात म्हणून पुढच्या पगारात आपोआप ९ टक्के जास्त येतील असं काही नाही, ठेकेदाराच्या खात्यात तर नाहीच नाही, तिथे हेल्परला हेल्परचाच रेट लागतो मग तुम्ही नववी असा नाहीतर बीए. दहावीचा उपयोग वेगळ्या प्रकारे होतो, ती एक पायरी असते, त्या पायरीखाली काही फॉर्म भरताच येत नाहीत आणि वर आलात की निदान भरता येतात. आयटीआयचे बरेच ट्रेड, बारावी, त्यापुढचे नर्सिंगचे कोर्स, सगळं त्या पायरीच्या वर आहे. आयटीआयला तर वरच्या वयाची अटही नाही, त्यामुळे उद्या सातपूरच्या आयटीआयच्या दारात चाळिशीत उभं राहायलाही कोणी मनाई करणार नाही.

आता तुमचे दीर. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये कारण आकडेसुद्धा त्यांच्याच बाजूने आहेत असं वरवर वाटतं. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत (जुलै २०२२ ते जून २०२३) देशातली एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती आणि पदवीधरांमधली १३.४ टक्के. म्हणजे शिकलेलेच जास्त बेकार! पण जरा थांबून बघा, कमी शिकलेला माणूस बेकार बसूच शकत नाही, त्याला उद्याची चूल पेटवायची असते, तो मिळेल त्या कामाला जातो, गवंड्याच्या हाताखाली, द्राक्षबागेत, सकाळी नाक्यावर उभा राहतो, आणि त्याची गणती 'काम आहे' अशी होते. पदवीधर काही दिवस घरच्यांच्या जिवावर थांबतो, परीक्षा देतो, बरं काम मिळेल याची वाट बघतो, आणि तोवर तो बेरोजगार मोजला जातो. तुमचे दीर वाट बघून थकले आणि पार्सलला लागले, त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यांची अडचण ही की बीए झालेल्यांच्या गर्दीत त्यांना जागा नाही, तुमची अडचण ही की समोर जागा होती आणि एका कागदावाचून ती गेली. या दोन अडचणी एकसारख्या नाहीत, तेव्हा दिरांकडे बघून स्वतःचा निर्णय घेऊ नका.

जागा गेली म्हटलं खरं, पण सुपरवायझरच्या बोलण्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. (राग मानू नका, तुमच्यावर नाही, त्याच्यावर.) इतके दिवस रजिस्टर भरून घेताना कोणाला दहावी आठवली नाही आणि नेमकी जागा रिकामी झाल्यावर आठवली. असू शकतं की कंपनीचा खरंच नियम आहे, ऑडिट होतं तेव्हा पदावरच्या माणसाची शैक्षणिक पात्रता दाखवावी लागते, आणि असंही असू शकतं की त्यांना तरुण मुलगी हवी होती आणि दहावी ही सांगायला सोपी सबब होती. हे तुम्हाला कळायलाच हवं, कारण पुढची दोन वर्षं तुम्ही त्या एका वाक्यावर घालवायला निघालाय. म्हणून फॉर्म भरायच्या आधी शांत डोक्याने एचआरला किंवा ठेकेदाराच्या माणसाला विचारा: लाइन लीडरला दहावी लागते हे कुठे लिहिलंय का? ती पोस्ट कंपनीच्या रोलवर असते की ठेकेदाराच्याच? हातात किती जास्त पडतात? मी दहावी झाले तर पुढच्या वेळी माझं नाव घेणार का, की तेव्हा बारावी मागणार? तोंडी विचारलं तरी चालेल, व्हॉट्सअपवर विचारलं तर आणखी बरं, उत्तर राहतं. भांडायला जाऊ नका, माहिती काढायला जा. आणि फरक महिन्याला पाचशे-सहाशेचाच निघाला तर त्या पोस्टसाठी म्हणून दहावी करू नका. दुसऱ्या कारणासाठी करा हवी तर, त्याचं पुढे सांगते.

अंगणवाडीचं सोडून द्या. मैत्रिणीला जुना नियम माहिती असेल. आता मदतनीसलाही बारावी पास मागतात आणि वयाची मर्यादा ३५ आहे, विधवांना ४०. तुमचं ते दार बंद झालंय. पूर्वी सातवीवर जे काम मिळायचं त्याला आता बारावी लागते, तिथे काम करणाऱ्या बाईचं काम काही तेवढं बदललेलं नाही, लेकराला खाऊ घालणं, झाडलोट, सेविकेला मदत, पण बारावी झालेल्या बायका वाढल्या तशी अटही वर सरकली. दहावी जितकी लांबवाल तितका तिचा उपयोग कमी होत जाईल असं मी म्हणते ते यामुळे.

आता मुलांचं, आणि माझ्या मते पत्रातला खरा सल इथे आहे. "मम्मी, तुला नाही कळणार." सातवीतली पोरं बीएड झालेल्या आईलाही हेच म्हणतात हो, ते वयच तसं आहे, पण तुम्हाला ते जिथे लागायचं तिथे लागलं. आईच्या शिक्षणाचा मुलांवर परिणाम होतो का? होतो. 'असर' नावाच्या शिक्षणाच्या सर्व्हेत २००५ पासून गावोगावी घरात जाऊन पोरांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि घरच्यांचं शिक्षणही विचारतात, त्यात आई जास्त शिकलेली असेल तिथली मुलं सरासरीने बरं वाचतात असं दिसत आलंय. पण जिथे आई शिकलेली असते तिथे बहुतेक वेळा बापही शिकलेला असतो, घरात पैसा असतो, पुस्तकं असतात, मग यातलं नक्की आईमुळे किती? हे शोधायला बिहारमधल्या पूर्णिया आणि राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला होता, २०१७ साली तो छापून आला. काही वस्त्यांमध्ये आयांना लिहा-वाचायचे वर्ग दिले, काही ठिकाणी वर्ग न देता फक्त घरी मुलाच्या अभ्यासात कसं बसायचं ते दर आठवड्याला दाखवलं, काही ठिकाणी दोन्ही. मुलांच्या गणितात तिन्हीकडे फरक पडला, फार मोठा नाही, थोडाच, पण पडला, आणि दोन्ही मिळून दिलं तिथे जरा जास्त. मला त्यातलं मधलं महत्त्वाचं वाटतं, की वर्गाला न गेलेली आईसुद्धा रोज मुलाजवळ बसायला लागली तर मुलाला उपयोग होतो. त्या बायकांमध्ये बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती. तुम्ही तर नववी आहात!

अमेरिकेत २००३ मध्ये १९ हजारांवर मोठ्या माणसांना घरी जाऊन वाचायला, फॉर्म भरायला, हिशेब करायला दिले होते, डिग्री किती एवढंच विचारून न थांबता प्रत्यक्ष करून बघायला लावलं. ज्यांचं वाचन चांगलं त्यांची कमाई जास्त, नोकरीही जास्त जणांना पूर्णवेळ, आणि ते आपल्या लहान मुलांना जास्त वेळा वाचूनही दाखवतात असं निघालं. आणि शाळा पूर्ण करूनही अगदी साधं वाचन न जमणारी माणसंही त्यात सापडली. म्हणजे कागद असून वाचता न येणारे आहेत आणि कागद नसून रजिस्टर चालवणाऱ्या तुम्ही आहात, आणि पोरांच्या बाबतीत कागदाला कोणी विचारत नाही.

म्हणून मुलांसाठी दहावीची वाट बघू नका, आजपासून सुरू करा. तिसरीतल्या मुलीचं सोपं आहे, तिचं बालभारतीचं पुस्तक घेऊन तिला रोज एक पान मोठ्याने वाचायला लावा आणि एक पान तुम्ही वाचा, अडली की लगेच सांगू नका, तिला जोडू द्या. सातवीतल्या मुलाला शिकवायला जाऊ नका, तिथे तो तुम्हाला चिडवणारच, सेमीचं गणित-विज्ञान इंग्रजीत असतं आणि तुम्हाला ते नवीन आहे. त्याला शिकवायला लावा. "माझी दहावीची तयारी चाललीय, हे टक्केवारीचं मला समजावून सांग" असं म्हणा आणि खरंच वही-पेन घेऊन बसा, आणि त्याने चुकीचं समजावलं की "मग हे ३५ कुठून आले?" एवढंच विचारा. रिजेक्शनची टक्केवारी तुम्ही रजिस्टर भरताना काढलीय, त्याला तीच काढायला द्या, कंपनीतले खरे आकडे घेऊन. बघा मग कोणाला कळत नाही ते. घरात मोबाईलशिवाय दुसरं वाचायला काहीतरी असू द्या. आपल्या नाशकात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, आणि शंभर पुस्तकांची पेटी सोसायटीत आणून ठेवणारा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम इथूनच सुरू झालाय, तुमच्या कॉलनीत पाच-दहा घरं मिळाली तर चौकशी करा.

मिस्टरांच्या क्लासच्या हिशेबाबद्दल. सातवीच्या पोराला क्लास लागतोच असं धरून चालू नका. त्याची पाच उत्तरं बघा, चुकतंय कुठे ते बघा, एखाद्या विषयात खरंच अडत असेल तर त्या एका विषयाला लावा. सगळ्या विषयांचा क्लास लावून पोरगं रात्री साडेआठला घरी येतं, जेवून झोपतं, आणि आपण पैसे भरले म्हणून आपल्याला वाटतं अभ्यास झाला. दहावीसाठी मुक्त विद्यालयाची किंवा बोर्डाची फी वर्षाच्या क्लासच्या फीसमोर फार मोठी नसते, दोन्ही वेबसाइटवर दिलेली असते, आकडा बघून मग मिस्टरांसमोर ठेवा. 'तुझी दहावी की त्याचा क्लास' असा वाद घालण्याइतकी ती रक्कम नाही असं माझं मत आहे. सासूबाईंना उत्तर देऊ नका, वेळ जातो.

मग दहावी करायची तर कशी? दोन वाटा आहेत.

एक, आपल्या राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून दहावी. पाचवी पास आणि वय १४ पूर्ण, एवढ्यावर बसता येतं, तुम्ही नववी असल्यामुळे प्रश्नच नाही. फॉर्म ऑनलाइन असतो, जवळची एखादी शाळा संपर्कासाठी मिळते, तोंडी-प्रात्यक्षिकं तिथे, पेपर नेहमीच्या मुलांसोबत. बालभारतीची दहावीची पुस्तकं वेबसाइटवरून फुकट उतरवता येतात. फायदा हा की सर्टिफिकेट सगळ्यांच्या ओळखीचं. तोटा हा की गणित आणि विज्ञान दोन्ही घ्यावे लागतात आणि एकाच वेळी सगळ्या विषयांना सामोरं जावं लागतं, शिफ्ट सांभाळून.

दुसरी वाट एनआयओएस, केंद्राचं मुक्त विद्यालय. मराठी माध्यम आहे. पाच विषय घ्यायचे, ते आपण निवडायचे, गणित घेतलंच पाहिजे असं नाही, गृहविज्ञान, डाटा एंट्री असेही विषय आहेत. परीक्षा वर्षात दोनदा, एप्रिल-मेच्या आसपास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एका वेळी दोन विषय दिले तरी चालतात, पास झालेला विषय सुटला. तुमच्या जागी मी असते तर हीच वाट धरली असती. आठवडाभर फर्स्ट आणि आठवडाभर सेकंड शिफ्ट करणाऱ्या, दोन पोरांच्या आईने एका दमात बोर्डाचे सगळे पेपर देणं म्हणजे त्यातला एक राहणार आणि तो राहिला की सासूबाईंना बोलायला मिळणार. पहिल्या खेपेला मराठी आणि आणखी एक सोपा वाटेल तो विषय द्या, सुटले की अंगात हुरूप येतो. फक्त पुढे आयटीआयच्या तांत्रिक ट्रेडला जायचं मनात असेल तर गणित-विज्ञान टाळू नका, तिथे ते मागतात, म्हणून विषय निवडायच्या आधी पुढे कुठे जायचंय ते ठरवा.

आणि नोकरी सोडून अभ्यास करू नका. पत्राच्या शेवटी तसं एक वाक्य आहे, "सोडून दिलं तर वेळ मिळेल" असं. नऊ वर्षांची नोकरी आणि महिन्याचा नक्की येणारा पैसा एका परीक्षेसाठी सोडण्याइतकी ती परीक्षा मोठी नाही. एकदा दहावी आणि मग बारावी झाली तर गंगापूर धरणाच्या वाटेवरचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, १९८९ साली ते तुमच्यासारख्या काम करून शिकणाऱ्यांसाठीच निघालं, तिथेही नोकरी सोडावी लागत नाही.

दुसरं कारण सांगते म्हटलं होतं. नवीन मुलीला रजिस्टर शिकवून घरी आलात त्या रात्री जेवला नाहीत असं तुम्ही लिहिलंय. पगार एक रुपया वाढला नाही तरी ते कारण मला पुरेसं वाटतं, फक्त त्याला पगाराचं नाव देऊ नका, नाहीतर पगार न वाढल्यावर दहावीही फुकट गेली असं वाटेल.

अशाच बाकी वाचकांसाठी दोन गोष्टी. ज्यांच्या घरी आई, सासू, मावशी अजिबात लिहायला-वाचायला शिकलेली नाही त्यांनी उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चौकशी जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेत करावी, १५ वर्षांवरच्या कोणालाही नाव घालता येतं, शेवटी परीक्षा होऊन सर्टिफिकेट मिळतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पुरुष ८८ टक्के साक्षर होते आणि बायका ७६ टक्के, मधल्या बारा टक्क्यांत आपल्याच घरातल्या कोणीतरी आहेत. आणि "एका महिन्यात दहावी, पास गॅरंटी" असे बोर्ड सिडकोत आणि नाशिकरोडला खांबांवर लटकलेले दिसतात, तिकडे जाऊ नका, भलत्याच नावाच्या बोर्डाची मार्कशीट हातात देतात आणि ती नंतर कुठेच चालत नाही. खात्री करायची तर एसएससी बोर्डाच्या नाशिक विभागीय कार्यालयात जाऊन विचारा.

ताई, तुम्ही पुढच्या सुट्टीला माहेरी जाणारच आहात तर शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला काढून आणा, मूळ हरवला असेल तर दुसरी प्रत मागा, सोबत प्रतिज्ञापत्र लागेल. आणि तिथेच उभं राहून दाखल्यावरची जन्मतारीख आणि माहेरचं नाव आधारशी जुळतंय का बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे फॉर्म इथेच अडकतात, गॅझेट किंवा लग्नाच्या नोंदणीचा कागद शोधण्यात महिने जातात आणि तोवर फॉर्मची तारीख निघून गेलेली असते.